पावसाळी हवेत ॲमस्टरडॅमची सायकल सफर: बुकिंगपासून बूट वाळवण्यापर्यंत

युरोपच्या सहलीत ॲमस्टरडॅमला दोन-तीन दिवस मिळतात. त्यातल्या एका सकाळी गाइडसोबतची सायकल सफर आधीच पैसे भरून ठरलेली असते, आणि नेमका त्याच दिवशी खिडकीबाहेर तिरका पाऊस दिसतो. जायचं की पैसे सोडायचे? नुसता पाऊस असेल तर जरूर जावं, वारा फार असेल तर जाऊ नये. या शहरात पाहुण्यांना पाडतात ते ट्रामचे ओले रूळ, गारठलेली बोटं आणि पुलावर आडवा येणारा वारा. तिन्हींची तयारी आधी करता येते.

पुण्या-मुंबईच्या पावसात वर्षानुवर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाला वाटतं, पाऊस आपल्याला नवा नाही. पण आपला पाऊस कोमट असतो. भिजलो तरी घरी जाऊन टॉवेल घेतला की झालं. ॲमस्टरडॅममध्ये नोव्हेंबरात दुपारीही पारा १० अंशांच्या आसपास असतो. ८ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला की अंगाला ती थंडी ४ अंशांसारखी जाणवते, आणि कपडे ओले असतील तर त्याहून वाईट. म्हणून आपल्याकडची पावसाळी सवय तिथे जशीच्या तशी चालत नाही.

बुकिंग करताना काय विचारावं

अशी सफर साधारण अडीच-तीन तासांची आणि १० ते १५ किलोमीटरची असते. शहर सपाट आहे, दम लागतो तो फक्त पुलांच्या चढावर. तेव्हा अंतराची काळजी सोडा आणि पुढच्या गोष्टी लेखी विचारून घ्या.

पहिली गोष्ट, रद्द करण्याची अट. बहुतेक कंपन्या पाऊस असो वा ऊन, सफर काढतातच, आणि तुम्ही पावसाचं कारण देऊन आला नाहीत तर पैसे परत मिळत नाहीत. पण वादळाचा इशारा असेल तर कंपनी काय करते, पैसे परत देते की दुसरी वेळ, हे स्पष्ट विचारावं. दुसरी, गटात किती माणसं असतील. कोरड्या दिवशी १५ जण खपून जातात. ओल्या रस्त्यावर आठ-दहाच्या वर गट गेला की सिग्नलला तुटतो आणि मागचे घाबरतात. तिसरी, सायकलीला हाताचे ब्रेक आहेत की फक्त पायाचा. चौथी, वाटेत छपराखालचे थांबे किती. पाचवी, हेल्मेट मिळेल का. साध्या सायकलीवर ते सक्तीचं नाही आणि स्थानिक लोक क्वचितच घालतात, पण ओल्या दिवशी पाहुण्याने मागून घ्यावं आणि घालावं.

उंची कळवायला विसरू नका. डच सायकली उंच माणसांसाठी बांधलेल्या असतात. दीड मीटरच्या आसपास उंची असेल तर लहान फ्रेमची सायकल आधीच बाजूला ठेवायला सांगावी. आयत्या वेळी मिळालेल्या उंच सायकलीवर पाय नीट टेकत नाहीत, आणि ओल्या रस्त्यावर थांबताना पडण्याचं ते सर्वांत सरळ कारण आहे.

वेळ निवडताना सूर्य पाहा. डिसेंबरात तिथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला मावळतं. दुपारी दोनची तीन तासांची सफर म्हणजे शेवटचा टप्पा अंधारात, पावसात आणि घरी परतणाऱ्या गर्दीत. हिवाळ्यात सकाळी दहा-अकराची वेळच घ्यावी.

हवामान कसं वाचायचं

फोनमधलं नेहमीचं ॲप ‘दिवसभर पाऊस ७० टक्के’ एवढंच सांगतं. त्यावरून काही ठरवता येत नाही. तिथले लोक बाउयनराडार नावाचं पावसाच्या रडारचं ॲप पाहतात. त्यात पुढच्या दोनेक तासांत तुमच्या जागेवर कधी आणि किती जोराने पाऊस पडेल याचा आलेख पाच-पाच मिनिटांच्या टप्प्याने दिसतो. सफर सुरू होण्याआधी अर्धा तास तो पाहा. आलेखात सुटे उंचवटे दिसले तर त्या सरी आहेत: पंधरा-वीस मिनिटं जोर, मग उघडीप. अशा दिवशी सफर छान होते, फक्त सर आली की आडोसा घ्यायचा. आलेख बुटका पण सलग पसरलेला असेल तर ती तासन्‌तासची रिपरिप. तिच्यात थांबून उपयोग नसतो, कपड्यांच्या भरवशावर चालत राहायचं.

वाऱ्यासाठी डच हवामान संस्थेचा, म्हणजे केएनएमआयचा इशारा पाहा. पिवळा इशारा असेल तर कारण वाचा. धुकं, गडगडाट की वारा, त्यावर निर्णय बदलतो. नारिंगी किंवा लाल असेल तर सायकलला हात लावू नका, गाइड तयार असला तरी. इशारा नसेल तर वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मापाचा आकडा पाहा. ४ पर्यंत निवांत. ५ म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर, नवख्याला पुलावर झोल जाईल पण जमतं. ६ म्हणजे ३९ ते ४९. रोज सायकल चालवणाऱ्यानेच जावं, मुलांना घेऊन मुळीच नाही. ७ पासून दुसरी वेळ मागावी.

तिथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. सफर स्टेशनजवळून निघत असेल तर फोंडेलपार्क नैऋत्येला पडतं. आधी तिकडे गेलं की अंगात ताकद आहे तोवर वारा समोरून घेता येतो आणि थकल्यावर तोच पाठीवर येतो. चांगले गाइड हे आपणहून करतात. केलं नाही तर विचारायला हरकत नाही.

कपडे आणि खिशातलं सामान

आपल्याकडचा स्कूटरवर घालायचा लांब रेनकोट सायकलवर त्रास देतो. गुडघे वर-खाली होतात तशी त्याची पुढची बाजू उघडते आणि पाणी थेट मांडीवर येतं. कमरेपर्यंतचं जॅकेट आणि वेगळी पावसाळी पँट, ही जोडी घ्यावी. आतून सुती कपडे टाळा, जीन्स तर नकोच. ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या गार पाडते. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर जॅकेट. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत अंग तापतं, आणि घामाने आतून भिजणं पावसाने भिजण्याइतकंच वाईट.

कंपनीने दिलेला पोंचो घालायची वेळ आली तर तीन गोष्टी सांभाळा. मागची बाजू सीटवर बसताना खाली दाबून घ्या, नाहीतर ती शिडासारखी फुगते. पुढच्या कडेला आतून अंगठ्याचे फासे असतील तर ते अंगठ्यात अडकवा. आणि हँडलवर पसरलेला पोंचो पुढचा दिवा झाकत नाही ना, हे दुसऱ्याकडून बघून घ्या. दिसायला कमी असताना पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा तिथे दिवसाही लागतो. पोंचोखाली जळणारा दिवा कोणालाच दिसत नाही. ओढणी, स्टोल, लांब मफलर घरीच ठेवा किंवा जॅकेटच्या आत खोचा. चाकात गेलं की सावरायला वेळ मिळत नाही.

हातमोजे हवेतच. गारठलेल्या बोटांना ब्रेकची मूठ पुरती ओढता येत नाही, म्हणून ही चैनीची वस्तू नव्हे. चष्मा असेल तर हुडच्या आत पुढे झाप असलेली टोपी घाला, काचांवरचं निम्मं पाणी कमी होतं. बूट वॉटरप्रूफ नसतील तर मोज्यावरून साधी प्लॅस्टिकची पिशवी चढवून मग बूट घाला. मोज्यांचा एक जास्तीचा जोड बंद पिशवीत बरोबर ठेवा. हॉटेलच्या बाथरूममध्ये आंघोळीची प्लॅस्टिक टोपी ठेवलेली असते, ती घेऊन निघा. थांब्यावर सीटवर चढवली की परत आल्यावर ओल्या सीटवर बसावं लागत नाही.

नेदरलँड्समध्ये १४ वर्षांपुढच्या प्रत्येकाला मागितल्यावर ओळखपत्र दाखवता आलं पाहिजे, म्हणजे पर्यटकांनी पासपोर्ट जवळ बाळगायचा. तो झिपच्या पिशवीत, आतल्या खिशात. फोनही तसाच. सायकल चालवताना फोन हातात धरणं १ जुलै २०१९ पासून गुन्हा आहे, दंड होतो. फोटो काढायचे ते थांबून. शेंगेन व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा असतोच, त्यात सायकल चालवताना झालेली इजा धरली आहे का हे निघण्याआधी कागदावर पाहून घ्या. आपत्कालीन क्रमांक ११२.

सायकल हातात आल्यावर

गटाला घाई असते, गाइड नावं घेत असतो, आणि जो तो मिळेल ती सायकल ओढतो. तुम्ही पाच मिनिटं हक्काने घ्या.

सीट नेहमीपेक्षा थोडी खाली करा. कोरड्या रस्त्यावर सीट उंच असलेली बरी, गुडघ्याला आराम पडतो. ओल्या दिवशी सीटवर बसूनच दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. टायर अंगठ्याने दाबा, किंचित दबावं, मऊ लागू नये. दोन्ही दिवे लावून पाहा. बेल वाजवून पाहा. कुलूप लावून-काढून पाहा. मागच्या चाकाला गोल कुलूप असतं, त्याची किल्ली कुलूप उघडं असताना निघत नाही, आणि त्याशिवाय जाड साखळी. आधी मागचं कुलूप, मग साखळी पुढच्या चाकातून आणि फ्रेममधून घेऊन जागेवरच्या लोखंडी दांड्याला.

आता ब्रेक. बऱ्याच डच सायकलींना पायाचा ब्रेक असतो. पॅडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. पावसात हा ब्रेक उत्तम, कारण त्याची यंत्रणा चाकाच्या आसात बंद असते आणि पाणी तिथे पोचत नाही. रिमला रबर घासणारा हातब्रेक ओला झाला की आधी पाणी पुसतो आणि मग पकडतो, तेवढ्या वेळात सायकल बरीच पुढे जाते. पण पायाच्या ब्रेकची सवय नसेल तर दोन घोटाळे होतात. एक, आपण नकळत पॅडल उलटं फिरवतो आणि सायकल गचका खाऊन थांबते. दोन, सिग्नलला थांबल्यावर पॅडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही. म्हणून थांबतानाच उजवं पॅडल घड्याळात दोन वाजतात त्या जागी येऊ द्यावं. चुकलं तर सायकल दोन पावलं पुढे ढकलून पॅडल वर आणावं.

हातब्रेक असतील तर आणखी एक फरक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडे तो सहसा डाव्या हाताला. पुढचा ब्रेक ओल्या विटांवर जोरात दाबला की पुढचं चाक घसरतं. मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून कुठला कशाचा ते हाताला कळू द्या, आणि पाच-सहा वेळा थांबून-निघून पाहा. हे जमत नसेल तर तिथेच गाइडला सांगा. निघाल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

ट्रामचे रूळ आणि इतर निसरड्या जागा

रुळाच्या आतल्या बाजूला जी खाच असते, तिच्यात सायकलचं टायर आरामात बसतं. समांतर जाताना चाक त्यात उतरलं की हँडल वळत नाही, आणि तोल सावरण्यासाठी हँडल वळवता आलंच पाहिजे. म्हणून माणूस पडतो. ओल्या दिवशी खाचेत न जाताही पडायला होतं, कारण रुळाचं गुळगुळीत पोलाद तिरकं येणाऱ्या चाकाला बाजूला सरकवतं.

ओलांडण्याची पद्धत अशी. रूळ येण्याआधीच मागे वळून पाहा, कारण योग्य कोन साधण्यासाठी तुम्हाला थोडं बाजूला जावं लागणार आहे आणि मागून कोणीतरी येत असतं. वेग रुळाच्या अलीकडेच कमी करा. चाक रुळाला शक्य तितकं काटकोनात न्या. कोरड्यात ४५ अंश चालून जातात, ओल्यात ६० च्या खाली जाऊ नका. चाक रुळावर असताना ब्रेक नाही, वळण नाही, जोराचं पॅडल नाही. हँडल सरळ, कोपरं सैल. दुहेरी मार्ग असेल तर चार रूळ असतात, चौथा मागे पडेपर्यंत वळू नका. बहुतेकदा पहिले दोन नीट पार होतात आणि घाईने वळताना तिसऱ्यावर चाक निसटतं. कोन जमत नाही असं वाटलं तर उतरून सायकल हाताने न्या. त्यात कसलाही कमीपणा नाही, स्थानिक म्हातारी माणसंही तेच करतात.

मंद वेगात चाक खाचेत गेलंच तर हँडलला हिसका देऊ नका. सरळ राहून मागच्या ब्रेकने थांबा, पाय टेका, चाक उचलून काढा.

लाइडसेप्लाइन आणि डाम चौक या रुळांच्या गुंत्याच्या जागा. पावसात तिथे हाताने सायकल नेणारा गाइड शहाणा समजावा. ट्रामला जवळजवळ सगळीकडे प्राधान्य असतं, ती वळून चुकवू शकत नाही आणि ओल्या रुळावर लवकर थांबतही नाही. तिची घंटा ऐकू आली की बाजूला व्हायचं, मागे बघत बसायचं नाही. हुड कानावरून थोडा मागे ठेवा, ती ऐकू आली पाहिजे.

रुळांखेरीज रस्त्यावरचे पांढरे पट्टे, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे, उघडझाप करणाऱ्या पुलांच्या लाकडी फळ्या, जुन्या गल्ल्यांतल्या विटा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कालव्याकाठी साचणारी ओली पानं, या सगळ्यांवर एकच नियम: सरळ जा, ब्रेक दाबू नका.

रस्त्याचे नियम, आपल्या सवयीच्या उलट

तिथे उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहतं, पण थांबून पुन्हा निघताना आणि रिकाम्या गल्लीत वळताना सवय डावीकडे ओढते. रस्ता ओलांडताना पहिली गाडी डावीकडून येते, तेव्हा आधी डावीकडे पाहा. निळ्या गोलात पांढरी सायकल असेल तो सायकलींचा मार्ग, बहुधा लालसर डांबराचा. त्याच्यावर चालत फोटो काढू नका आणि सायकल थांबवूनही उभे राहू नका. थांबायचं तर सायकल फुटपाथवर उचलून घ्या.

जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसते. टोकं तुमच्याकडे असतील तर समोरच्याला वाट द्यायची. खूण काहीच नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क, आणि तो येणारा सायकलस्वारही असू शकतो. डावीकडे वळताना मधून कापू नका. आधी सरळ पलीकडे जा, थांबा, मग डावीकडे निघा. हात दाखवताना ओल्या रस्त्यावर एका हाताने ब्रेक लावावा लागू नये, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हात दाखवून दोन्ही हात परत हँडलवर आणा.

गटात चालताना

सर्वांत कच्चा सायकलस्वार गाइडच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर. शेवटी ठेवला तर तो प्रत्येक सिग्नलला मागे पडतो, मग गाठण्यासाठी जोर लावतो आणि रुळावर घसरतो. शेवटी कुटुंबातलं सर्वांत पक्कं माणूस असावं. ताशी १५ किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला ४ मीटर जाते. दोन सायकलींच्या लांबीएवढं अंतर कोरड्यात पुरतं, ओल्यात चार ठेवा. दोघांनी शेजारी-शेजारी जायला कायद्याने परवानगी आहे, पण पावसात एकामागे एकच बरं.

पुढचा गेला म्हणून आपणही जायचं, ही सवय गटात घातक ठरते. सिग्नल तुमच्या वेळी लाल झाला असेल तर थांबा. गाइड पलीकडे थांबतो, ते त्याचं कामच आहे. प्रत्येक चौकात प्रत्येकाने स्वतः बघायचं.

आडोसे असलेला मार्ग

ओल्या दिवशी चांगला मार्ग म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाला छप्पर मिळेल असा. मध्यवर्ती स्टेशनच्या पश्चिम बाजूला सायकलींसाठी ११० मीटरचा बोगदा आहे. त्याच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं जहाजांचं मोठं चित्र आहे. बोगदा ओलांडला की आय या रुंद जलमार्गावरच्या फेरीबोटींचे धक्के. त्या फुकट असतात आणि सायकलसह चढता येतं. समोरच्या उत्तर किनाऱ्याला काही मिनिटांत पोचतो, एनडीएसएमच्या जुन्या गोदीला साधारण पाव तास. पण वारा ५ च्या वर असेल तर उत्तरेचा टप्पा गाळा, तिकडे उघड्यावर आडोसा नाही.

त्यापेक्षा असा मार्ग बरा: योर्डान या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्या, जिथे घरं वारा अडवतात, वेस्टरकेर्क चर्चजवळून प्रिन्सेनग्राख्त कालव्याच्या काठाने पुढे, मग पश्चिमेला डे हालेन. हे ट्रामचं जुनं आगार, आता आत खाण्याचे स्टॉल, वाचनालय आणि दुकानं आहेत. ऐन सरीत अर्धा तास काढायला याहून चांगली जागा शहरात नाही. तिथून फोंडेलपार्क, जोराचा वारा असेल तर झाडांखालून न जाता कडेच्या रस्त्याने. पुढे राइक्सम्युझियमच्या इमारतीच्या पोटातून जाणारा कमानींचा मार्ग, ज्यातून सायकल चालवत जाता येतं. मग आम्स्टेल नदीच्या काठी, माखेरे ब्रुख या लाकडी पुलापर्यंत, आणि वारा पाठीवर घेऊन स्टेशनकडे. शेवटी जोर वाढलाच तर स्टेशनजवळ ओस्टरडोकला शहराचं मोठं वाचनालय आहे, सर्वांना खुलं.

गरम काही घ्यायचं तर ताज्या पुदिन्याच्या पानांचा चहा, हॉट चॉकलेट आणि सफरचंदाचा केक सगळीकडे मिळतो. हिवाळ्यातलं वाटाण्याचं दाट सूप दिसायला शाकाहारी असलं तरी त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका.

मुलं आणि ज्येष्ठ

मुलांसाठी पुढे लाकडी पेटी असलेली मालवाहू सायकल भाड्याने मिळते. तिच्यावर पारदर्शक पावसाळी छत बसवायला सांगा. मूल पॅडल मारत नाही, त्यामुळे तुम्हाला घाम येत असतानाही ते गारठत असतं. दर अर्ध्या तासाला त्याचे हात चाचपून पाहा. ही सायकल वळायला जड असते, रिकामी चालवून सराव केल्याशिवाय मूल बसवू नका. गुडघ्याचा किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्या आई-बाबांना त्या दिवशी कालव्यातली बंद काचांची बोट सुचवावी आणि डे हालेनला भेटायचं ठरवावं.

कुठे थांबायचं

बोटांनी जॅकेटची चेन ओढता येत नसेल तर ब्रेकही नीट लागणार नाही, ताबडतोब आत जा. कुडकुडणं, शब्द अडखळणं, विनाकारण चिडचीड ही अंग फार गार पडल्याची लक्षणं. ओले कपडे काढून कोरडे घालणं आणि गरम, गोड पेय ही पहिली मदत. गडगडाट सुरू झाला तर झाडाखाली किंवा पुलावर न थांबता इमारतीत शिरा. सफर अर्धवट सोडायची असेल तर सायकल कुठे ठेवायची हे गाइडला विचारा. ट्राममध्ये सायकल चढवता येईल असं धरून चालू नका. मेट्रोत गर्दीच्या वेळा सोडून वेगळं तिकीट काढून नेता येते.

कोणी पडलं तर आधी माणूस आणि सायकल दोन्ही मार्गाबाहेर काढा, मागून येणारे ओल्या रस्त्यावर वेळेत थांबतीलच असं नाही. परत बसण्याआधी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा आणि दोन्ही ब्रेक तपासा. डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी पुन्हा चालवू नका.

परत आल्यावर

सायकल परत देताना काही वाकलं-मोडलं असेल तर स्वतः दाखवा, फोटो काढा आणि अनामत परत मिळाल्याची पावती घ्या. हॉटेलवर बुटातले तळवे बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी ते बदला. बूट हीटरला चिकटवून ठेवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. फुटाची जागा सोडून ठेवले आणि झोपताना बोळे पुन्हा एकदा बदलले, तर बहुतेक बूट सकाळी घालण्याजोगे होतात.